धन्वंतरी महाल आणि मनाचे वैद्यक

सरकारी नोकरीच्या निमित्ताने कावेरीच्या खोऱ्यात आलेला मराठी माणूस केव्हा ना केव्हा तंजावरला जाऊन येतोच. बृहदीश्वराचे दर्शन घ्यावे, त्या मंदिराच्या आवारात १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहून क्षणभर घरी आल्यासारखे वाटावे, आणि मग राजवाड्याकडे वळावे, असा त्याचा क्रम असतो. राजवाड्यात नायकांच्या वेळचे दरबारगृह आहे, पुरातन मूर्तींचे संग्रहालय आहे, आणि या सर्वांवर कळस म्हणून सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे. ताडपत्रे, चित्रे आणि मोडी कागद पाहून मन तृप्त होते आणि माणूस परतीच्या गाडीला लागतो. ज्या राजाने हा ग्रंथसंग्रह वाढविला त्याच राजाने येथे धन्वंतरी महाल या नावाने वैद्यकाची एक शाळाही चालविली होती, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

त्या धन्वंतरी महालाच्या निमित्ताने आम्हांस एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विसाव्या शतकाने मनाच्या तळाशी उतरू पाहणारे एक वैद्यक जन्मास घातले. फ्रॉइड, ॲडलर, युंग ही नावे आता मराठी वाचकांस परकी राहिलेली नाहीत. या वैद्यकाजवळ ना चाकू, ना काढा. त्याचे सारे भांडवल म्हणजे एका रोग्याचा सविस्तर वृत्तान्त. एका माणसाचे दुखणे त्याच्या एकट्याचे म्हणून लिहून ठेवावे, हा विचार वैद्यकात केव्हा आणि कसा रुजला? तंजावरच्या राजवाड्यात तो कितपत रुजला होता? आणि ज्या राजाने तो रुजविला त्याच्याच मनाचा तळ आज आपण शोधू पाहिला, तर ते कितपत न्याय्य होईल? या तीन प्रश्नांचा माग आम्ही काढणार आहोत.

प्रथम त्या राजाविषयी. दुसरे सरफोजी महाराज यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजीचा. तंजावरचे तुळजाजी महाराज निपुत्रिक अवस्थेत अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी १७८७ च्या आरंभी भोसले घराण्याच्याच दुसऱ्या शाखेतील या मुलाला दत्तक घेतले. मुलाचे वय तेव्हा पुरते दहाही नव्हते. त्याचा सांभाळ करण्याविषयी तुळजाजींनी श्वार्त्स या जर्मन मिशनऱ्यास विनविले आणि त्याच वर्षी त्यांचे देहावसान झाले. मात्र गादी मुलाला मिळाली नाही. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी दत्तविधानावर आक्षेप घेतला, शास्त्रीमंडळींचा कौल आपल्या बाजूने मिळविला आणि कंपनी सरकारच्या संमतीने ते राजे झाले. राजपुत्र राजवाड्यातच राहिला, परंतु तो जवळजवळ बंदिवान म्हणून. त्याच्या शिक्षणाची काही व्यवस्था नव्हती आणि बाहेरच्या माणसांशी त्याचा संबंध येऊ दिला जात नव्हता. श्वार्त्स यांनी मद्रासच्या सरकारकडे एकसारख्या तक्रारी केल्या, तेव्हा १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलविण्यात आले. तेथे त्याचे इंग्रजी शिक्षण सुरू झाले. पुढे दत्तविधानाचा प्रश्न पुन्हा तपासला गेला, शास्त्र्यांनी या वेळी ते वैध ठरविले, आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत श्वार्त्स निवर्तले होते. ज्याने हे सारे घडवून आणले त्याला ते पाहावयास मिळाले नाही.

गादी मिळाली खरी, पण राज्य मिळाले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सारा कारभार कंपनीकडे गेला. महाराजांकडे राहिला तो किल्ला, राजवाडा आणि भोवतालचा लहानसा टापू. वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा ही त्यांची नेमणूक ठरली. वयाच्या बाविसाव्या वर्षी एका राजाच्या हाती सैन्य नाही, मुलूख नाही, न्याय नाही, वसूल नाही. आहे ते बक्कळ द्रव्य, रिकामा वेळ आणि चार भिंती. अशा स्थितीत कित्येक संस्थानिकांचे पुढे काय झाले हे इतिहास जाणणाऱ्यांस सांगावयास नको. सरफोजी महाराजांनी त्या चार भिंतींत काय काय आणले याची यादी मात्र दीर्घ आहे. देवनागरी खिळ्यांचा छापखाना त्यांनी आणला आणि त्यावर १८०६ साली इसापाच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बाळबोध मुक्तावली’ छापून निघाला. मुंबई-पुण्याकडे मराठी मुद्रणाला बहर येण्यापूर्वीची ही गोष्ट. युरोपातून ग्रंथ, नकाशे आणि उपकरणे आली. १८२० ते १८२२ या काळात मोठ्या परिवारानिशी काशीयात्रा झाली, त्या यात्रेतून हस्तलिखितेही आली. १८२६ च्या मार्चअखेरीस कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला येऊन गेले. युरोपीय शास्त्रज्ञांच्या ग्रंथांविषयी सहज बोलणारा हा हिंदी राजा पाहून ते चकित झाले आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले.

या सर्व उद्योगांत धन्वंतरी महालाचे स्थान विशेष आहे. आयुर्वेद, तमिळ सिद्ध वैद्यक, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे जाणकार तेथे एकत्र आणले गेले. औषधे तयार करावी, त्यांचा गुण पडताळून पाहावा आणि जे उतरले ते लिहून ठेवावे, असा त्या कामाचा क्रम होता. या अनुभवातून पुढे ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ ही तमिळ पद्यातील ग्रंथमाला सिद्ध झाली. शरभेंद्र म्हणजे सरफोजी महाराजच. राजाची मायबोली मराठी, पण औषध ज्यांना घ्यावयाचे ते रयतेतले लोक तमिळ, म्हणून ग्रंथ तमिळमध्ये. ही गोष्ट लहान दिसते, पण रोग्याच्या भाषेत बोलावयाचे हे वैद्यकाचे पहिले पथ्य तिच्यात आलेले आहे. परप्रांतात अधिकाराच्या खुर्चीवर बसणाऱ्या आपणां सर्वांना तर ती विशेष मनन करण्याजोगी आहे.

धन्वंतरी महालाचा सर्वांत मोलाचा अवशेष म्हणजे नेत्ररोग्यांची टिपणे. मॅकबीन या युरोपीय शल्यवैद्याच्या साहाय्याने तंजावरला डोळ्यांवर उपचार आणि शस्त्रक्रिया होत असत. त्यांपैकी चाळिसांहून अधिक रोग्यांची टिपणे सरस्वती महालात सुरक्षित राहिली आहेत. रोगी कोण, त्याला काय होत होते, कोणता उपाय केला आणि त्याचा परिणाम काय झाला, हे त्यांत नमूद आहे. त्यांच्या जोडीला चित्रकारांनी काढलेली रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. ज्या तंजावरी कुंचल्याने एरवी नवनीतकृष्ण आणि राजदरबार रंगवावयाचे, तोच येथे मोतीबिंदूने पांढरी पडलेली बाहुली जशीच्या तशी उतरवितो. त्यात सोन्याचा वर्ख नाही आणि अलंकारही नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास गुंगी आणणारा ईथर वैद्यकाच्या हाती आला तो १८४६ मध्ये. तंजावरचे हे रोगी पूर्ण शुद्धीवर राहून डोळ्यांतील शस्त्र सहन करीत. तेव्हा त्यांच्या विश्वासालाही या इतिहासात जागा दिली पाहिजे.

नेत्रवैद्यक आपल्याला नवे नव्हते. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी शालाक्य हे अंग डोळे, कान, नाक यांसाठीच आहे आणि सुश्रुताने नेत्ररोगांचे शहात्तर प्रकार मोजले आहेत. परंतु शास्त्रग्रंथ रोगाचे प्रकार सांगतो. अमुक गावचा अमुक माणूस, त्याचा उजवा डोळा आणि त्या डोळ्याचे पुढे काय झाले, हे तो सांगत नाही. प्रकाराकडून माणसाकडे येणे ही ज्ञानाची एक मोठी पायरी आहे आणि तंजावरची टिपणे त्या पायरीवर उभी आहेत.

आता मनाकडे वळू. त्याच आठ अंगांत भूतविद्या हेही एक अंग आहे. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील चार शरीरातील दोषांचे आणि पाचवा आगंतुक, म्हणजे बाहेरून येणारा. चिकित्साही त्याने तीन प्रकारची मानली आणि तिसरीला सत्त्वावजय हे सुंदर नाव दिले. अहितकर विषयांपासून मनाला आवरून धरणे, असा तिचा अर्थ. म्हणजे मनाला रोग होतो आणि मनाच्याच वाटेने तो बरा करता येतो, हा विचार आपल्या परंपरेत होता. नव्हते ते एकेका रोग्याचे लेखी वृत्त.

युरोपातही त्या काळी फार वेगळी स्थिती नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये पुसँ आणि पिनेल यांनी वेड्यांच्या साखळ्या काढावयास आरंभ केला, ते दशक सरफोजींच्या राजवाड्यातील बंदिवासाचे आणि मद्रासमधील विद्यार्थिदशेचे दशक होय. मद्रासला १७९४ मध्ये व्हॅलेंटाइन कॉनोली या कंपनीच्या शल्यवैद्याने वेड्यांसाठी एक गृह काढले होते. तेथे आसरा आणि पहारा होता. रोग्याचे बोलणे ऐकून घेणे ही उपचाराचीच एक रीत होय, ही कल्पना मात्र अद्याप कोठेच उदयास आली नव्हती.

ती उदयास आली व्हिएन्नात, आणि मौज अशी की तिच्या जनकाची वाटही एकदा नेत्रवैद्यकाच्या दारावरून गेली होती. १८८४ मध्ये तरुण फ्रॉइडने कोकेन या द्रव्यावर निबंध लिहिला. त्या द्रव्याने डोळा बधिर होतो हे त्याच वर्षी सिद्ध करून दाखविले ते त्याच्या मित्राने, कार्ल कोलरने. पुढच्याच वर्षी फ्रॉइडच्या वडिलांच्या डोळ्यावर त्याच साधनाने शस्त्रक्रिया झाली. तो शोध फ्रॉइडच्या हातून निसटला आणि तो वेगळ्या मार्गास लागला. डोळ्याच्या वैद्याला रोग्याकडे पाहावयाचे असते. मनाच्या वैद्याला रोग्याचे ऐकावयाचे असते. पहिल्याचे टिपण चित्राने पुरे होते, दुसऱ्याचे टिपण कथेवाचून पुरे होऊ शकत नाही. फ्रॉइडने लिहिलेले रोग्यांचे वृत्तान्त कादंबरीसारखे वाटतात, असे कित्येकांनी म्हटले आहे. त्याचे कारण शैलीत शोधण्याची गरज नाही. त्याच्या विषयाचे स्वरूपच तसे होते.

हे शास्त्र हिंदुस्थानात रुजविले ते कलकत्त्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी. आमच्या विषयाशी त्यांचा संबंध फार जवळचा आहे, म्हणून त्यांच्या चरित्राची चार वाक्ये येथे अवश्य आहेत. जन्म १८८७, दरभंग्याचा. वडील दरभंगा संस्थानचे दिवाण, म्हणजे बालपण दुसऱ्या एका राजवाड्याच्या छायेत गेले. बंगाली विनोदाचे सम्राट राजशेखर बोस हे त्यांचे थोरले बंधू. १९१० मध्ये ते वैद्यकाचे पदवीधर झाले, आणि १९२१ मध्ये निरोधन, म्हणजे मनाने दडपून टाकलेल्या इच्छा, या विषयावरील प्रबंधास कलकत्ता विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. १९२२ मध्ये त्यांनी आपल्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार १९२१ पासून सुमारे सोळा वर्षे चालला, भेट मात्र कधीच झाली नाही. १९३३ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९४० मध्ये लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय निघाले. १९५३ मध्ये ते वारले.

बोस यांचे वैशिष्ट्य असे की ते शिष्यभावाने नमले, पण मिंधे झाले नाहीत. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिची विरुद्ध इच्छा दडलेली असते, असा त्यांचा स्वतंत्र सिद्धान्त होता. आपल्या हिंदी रोग्यांच्या मनात पिता-पुत्र संबंधाचे स्वरूप युरोपीय रोग्यांहून काहीसे वेगळे दिसते, हे त्यांनी फ्रॉइडला पत्राने कळविले. हे बळ त्यांना कोठून आले? आमच्या मते ते त्यांच्या रोग्यांच्या टिपणांतून आले. ज्याच्यापाशी स्वतःची निरीक्षणे लिहिलेली आहेत तोच गुरूला नम्रपणे ‘येथे असे दिसत नाही’ असे म्हणू शकतो. धन्वंतरी महालातील वैद्य आणि पारशीबागानमधील हा डॉक्टर यांना जोडणारा धागा हाच. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे आम्ही म्हणत नाही. पश्चिमेची विद्या घ्यावी, आपली टाकू नये, आणि दोहोंचा निवाडा समोरच्या रोग्यावरून करावा, ही वृत्ती दोन्ही ठिकाणी एकच होती.

आता शेवटचा आणि अधिक नाजूक प्रश्न. सरफोजी महाराजांचे चरित्र मनोविश्लेषकाच्या हाती दिले तर तो काय म्हणेल, हे तर्काने सांगता येते. जन्मदात्यापासून दूर केलेला मुलगा. दत्तक पिता तत्काळ गेलेला. चुलता कोंडून ठेवणारा, आणि परधर्मी गुरू सोडविणारा. कोंडलेल्या मुलास मोठेपणी जग पाहण्याची अनिवार ओढ लागते, आणि तो राजवाड्यात नकाशे, दुर्बिणी आणि दृष्टी देणारे वैद्य आणतो. ॲडलरचा अनुयायी म्हणेल की हिरावलेल्या सत्तेची ही भरपाई होय. फ्रॉइडचा अनुयायी दोन दगडांकडे बोट दाखवील. एक, १८०३ चा तो शिलालेख, ज्यात दत्तकपणावरून एकदा नाकारल्या गेलेल्या राजाने आपला सारा वंश शिवमंदिरात कोरविला. दुसरा, त्याच दशकातील श्वार्त्स यांचे संगमरवरी स्मारक. लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करविलेले हे स्मारक किल्ल्यातील चर्चमध्ये आहे, आणि मरणशय्येवरील गुरूच्या भेटीस आलेला तरुण राजा त्यात दिसतो. एक स्मारक कुळाचे, दुसरे पालकाचे. मुलाने दोन्ही पित्यांचे ऋण दगडात फेडले, असे म्हणण्याचा मोह कोणास होणार नाही?

हा मोह आवरावा, असे आमचे मत आहे. त्याचे कारण मनोविश्लेषणाच्याच इतिहासात आहे. १९१० मध्ये फ्रॉइडने लिओनार्दो दा विंची या चित्रकाराच्या बालपणीच्या एका स्मृतीवर पुस्तक लिहिले. तीत येणाऱ्या पक्ष्यास गिधाड समजून त्याने इजिप्तच्या देवतांपर्यंत अनुमानांचा मनोरा रचला. मूळ इटालियन शब्द गिधाडाचा नव्हता, घारीचा होता. भाषांतरातील एका शब्दाने मनोऱ्याचा पाया खचला. कारण उघड आहे. जिवंत रोगी ‘असे नव्हे’ म्हणून वैद्यास थांबवू शकतो. इतिहासातील माणूस थांबवू शकत नाही. ज्या शास्त्राचा प्राण ऐकण्यात आहे, ते न बोलणाऱ्या माणसावर चालविले की ते शास्त्र न राहता केवळ कल्पना उरते. पुढे एरिक एरिक्सनने महात्मा गांधींवर लिहिले ते अधिक जपून लिहिले, परंतु गांधीजींनी आत्मकथा लिहिली होती आणि त्यांना ओळखणारी माणसे हयात होती. सरफोजी महाराजांनी मागे ठेवली ती दफ्तरे, ग्रंथ आणि इतरांच्या दुखण्यांची टिपणे.

आणि याच ठिकाणी आम्हांस त्यांचा मोठेपणा दिसतो. त्यांच्या मनाच्या तळाशी काय होते ते असो. त्यातून बाहेर जे आले ते दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे होते. १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या छत्रांची, म्हणजे यात्रेकरूंच्या अन्नछत्रांची, बाजू मांडली. तेथे आजारी वाटसरूस वैद्य मिळतो, बाळंतिणीची व्यवस्था होते, लहान मुलास दूध मिळते, हे त्यांनी एखाद्या दक्ष अधिकाऱ्याप्रमाणे तपशीलवार सांगितले. जो स्वतः लहानपणी दुसऱ्यांच्या कृपेवर राहिला त्याला अनोळखी वाटसरूची गरज कळली, एवढेच म्हणावे. अधिक खोल जाण्याचा अधिकार आपणांस नाही.

महाराज ७ मार्च १८३२ रोजी वारले. पुत्र शिवाजी महाराज १८५५ मध्ये वारसाशिवाय गेले आणि कंपनीने राज्य खालसा केले. धन्वंतरी महाल त्यापूर्वीच ओसरत गेला होता. एका माणसाच्या उत्साहावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर मावळते, हा तिचा दोष आणि आपला नेहमीचा अनुभव. सरस्वती महाल टिकला, कारण १९१८ मध्ये तो सार्वजनिक झाला. बोस यांची संस्थाही त्यांच्यामागे टिकली, कारण ती सभासदांची होती.

हे सारे जुने झाले असे कोणी समजू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतीलच रामनाथपुरम जिल्ह्यात, एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खाजगी निवासास पहाटे आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. अठ्ठावीस जीव गेले. पुसँ आणि पिनेल यांनी साखळ्या काढल्यास दोनशे वर्षे उलटली होती, चरकाला तर दोन सहस्रके होत आली. मनोरुग्णास साखळीने बांधण्याची मनाई करणारा कायदा २०१७ मध्ये झाला. पण कायद्याची अंमलबजावणी अखेर कोणत्या तरी जिल्ह्याच्या कचेरीत, कोणत्या तरी अधिकाऱ्याच्या टेबलावर होते. त्या टेबलावर येणारा कागद हा एका माणसाचा वृत्तान्त आहे असे समजून वाचला जातो, की नुसता एक प्रकार म्हणून निकालात निघतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

तेव्हा यापुढे तंजावरास जाणाऱ्या वाचकांस आमची एवढीच विनंती. सरस्वती महालात ताडपत्रे आणि चित्रे पाहावीत, भोसल्यांच्या वैभवाने ऊर भरून यावा, हे योग्यच. पण त्या नेत्ररोग्यांच्या चित्रांपाशी थोडे अधिक थांबावे. ते डोळे राजांचे नाहीत, सरदारांचे नाहीत. कावेरीकाठच्या सामान्य माणसांचे ते डोळे आहेत. त्यांची भाषा राजाची नव्हती, जात आणि गाव राजाचे नव्हते. तरीही एका मराठी राजवाड्याने त्यांचे दुखणे नोंदण्याजोगे मानले. मुलूख गमावलेल्या राजाच्या हाती उरलेली ही सत्ता कोणत्याही तहाने कोणाला काढून घेता आली नाही.